आतली काळी काच

निरोप समारंभ आटोपला, चहाचे कप खाली ठेवले गेले, की बारावीच्या एखाद्या कॅडेटचे वडील मला हळूच बाजूला घेतात. मुलाला अठरा पूर्ण झाली आहेत, लायसन्स निघाले आहे, गाडी घ्यायची ठरली आहे. तर हेल्मेट कोणते घ्यावे? भौतिकशास्त्र माझ्याकडे आणि वर्कशॉपही माझ्याकडे, तेव्हा हा प्रश्न माझ्याच खात्यातला, असे सर्वांनी धरून ठेवले आहे. अलीकडे या प्रश्नाला एक शेपूट जोडले गेले आहे. "सर, पोरगा आतल्या काळ्या काचेचेच पाहिजे म्हणतो. थोडे महाग पडते. ते नुसते फॅड आहे का?"

फॅड नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र मुले ज्या कारणासाठी ती काच मागतात ते कारण चुकीचे, आणि पालक ज्या कारणासाठी नको म्हणतात तेही चुकीचे. मुलांना ती रुबाबदार वाटते. पालकांना वाटते, काळा चष्मा लावला की काम भागते. दोघेही काचेकडे बघतात. मला बोलायचे आहे ते ती काच वरखाली करणाऱ्या खटक्याबद्दल, कारण सगळा उपयोग त्या खटक्यात आहे. खटका काढून टाकला तर उरते ती फक्त डोळ्यांपुढची काळी काच, आणि ती रस्त्यावर जीव घेऊ शकते.

ज्यांनी हे हेल्मेट हातात घेतलेले नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. बाहेरची पारदर्शक काच नेहमीसारखीच असते. तिच्या आत, कपाळाच्या वर, हेल्मेटचे कवच आणि आतला थर्माकोलचा थर यांच्यामध्ये एक अरुंद कप्पा ठेवलेला असतो. त्या कप्प्यात पॉलिकार्बोनेटची एक गडद काच लपलेली असते. बहुधा डाव्या बाजूला, हेल्मेटच्या खालच्या कडेजवळ एक खटका असतो. तो सरकवला की काच कपाळावरून डोळ्यांसमोर उतरते आणि नाकाच्या जरा वर थांबते. उलट सरकवला की परत कप्प्यात जाते. काही हेल्मेटांत खटका डोक्याच्या मध्यभागी, वरच्या बाजूला असतो.

सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्यांना ही कल्पना नवी वाटायला नको. लढाऊ वैमानिकाच्या हेल्मेटवर एक स्वच्छ आणि एक गडद अशा दोन काचा असतात, कारण ढगातून बाहेर पडल्यावर सूर्य समोर येतो आणि खाली उतरताना धावपट्टी सावलीत असते. चंद्रावर उतरलेल्या अपोलोच्या अंतराळवीरांच्या हेल्मेटवर सोन्याचा पातळ मुलामा दिलेली काच होती. १९६९ सालच्या त्या प्रसिद्ध छायाचित्रात ऑल्ड्रिनच्या काचेत आर्मस्ट्राँगचे प्रतिबिंब दिसते, ती हीच. तीही वरखाली करता येत असे. उजेड बदलणारच, म्हणून काच बदलता आली पाहिजे. दोन्ही ठिकाणी विचार हाच आहे.

आता रस्त्यावर येऊ. अजमेरहून सकाळी लवकर जयपूरकडे निघणाऱ्या माणसाच्या तोंडावर सूर्य असतो, कारण जयपूर पूर्वेकडे. संध्याकाळी परत यायला निघाला की सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा तोंडावरच. आपल्या साताऱ्या-कोल्हापूरकडच्या मुलांना सुट्टीत वेगळा अनुभव येतो: घाटात वडाच्या सावलीतून उन्हात, उन्हातून बोगद्यात, बोगद्यातून पुन्हा उन्हात. उघड्यावरच्या उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो. दाट झाडीखाली तो काही हजारांवर येतो आणि बोगद्याच्या पोटात शेकड्यांत किंवा त्याहूनही कमी. डोळ्याची बाहुली उजेडात पटकन आकसते, पण अंधारात सावकाश मोठी होते, आणि पडद्यावरच्या पेशींना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात. उन्हातून एकदम आत शिरणारा माणूस म्हणूनच काही क्षण जवळजवळ आंधळा असतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. दोन सेकंद काही दिसले नाही तर ३३ मीटर रस्ता न बघता कापला जातो.

चष्म्याची अडचण इथे येते. काळा चष्मा वाईट नाही, पण तो हेल्मेट घातल्यावर चालत्या गाडीवर काढता येत नाही. त्याच्या काड्या कानशिलावर दाबतात ते निराळेच. रोहतांगखालच्या अटल बोगद्याची लांबी ९ किलोमीटरहून थोडी जास्त आहे. बाहेर बर्फावरून परावर्तित होणारे ऊन आणि आत दिव्यांचा उजेड. चष्मा लावून आत शिरलेल्या दुचाकीस्वाराने काय करायचे? बोगद्यात थांबून हेल्मेट काढायचे? उन्हात आपोआप गडद होणाऱ्या काचाही मिळतात. त्या गडद व्हायला काही सेकंद घेतात, आणि पुन्हा फिक्या व्हायला त्याहून बराच जास्त वेळ घेतात. दुपारी चालत फिरायला त्या उत्तम, बोगद्यासाठी कुचकामी. अंगठ्याने सरकणारा खटका हे काम अर्ध्या सेकंदात करतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसलो ती. आपल्या गावाकडे आणि इथेही तरुण मुले हेल्मेटची बाहेरचीच काच काळी करून घेतात. कोणी आरशासारखी, कोणी निळी-जांभळी. दुकानदार आनंदाने बदलून देतो. दिवसा चालून जाते. मग सूर्य मावळतो आणि काच तीच राहते.

कॅडेटांनी वही-पेन्सिल घ्यावी. समजा काच पडणाऱ्या उजेडापैकी पाचवा हिस्साच आत सोडते. दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, हे तुम्ही दहावीपासून ऐकत आला आहात. उजेड पाचपट कमी झाला, तर तेवढीच उजळ दिसण्यासाठी वस्तू पाचच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे २.२४ पट जवळ यायला हवी. स्वच्छ काचेतून ६० मीटरवर दिसणारी रस्त्यातली म्हैस काळ्या काचेतून सुमारे २७ मीटरवर दिसेल. हा ढोबळ हिशेब आहे. डोळ्याचे गणित याहून गुंतागुंतीचे असते. तरी पुढे जाऊ. ताशी ६० चा वेग, म्हैस दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागून थांबायला आणखी साधारण २० मीटर. एकूण ४५. स्वच्छ काचवाला १५ मीटर राखून थांबतो. काळ्या काचवाल्याच्या हाती ब्रेक लागेपर्यंत २ मीटर उरलेले असतात. म्हशीला धडकताना त्याचा वेग अजून ५७ च्या आसपास आहे.

यावर मुलांचे ठरलेले उत्तर असते की रात्री आम्ही काच वर करतो. वर केली म्हणजे डोळे उघडे पडले. ताशी ५० च्या वेगात डोळ्यावर बसणारा भुंगा किंवा पुढच्या ट्रकच्या टायरने उडवलेला खडा काय करतो, ते मी इथे लिहीत नाही. एनडीएच्या वैद्यकीय तपासणीसाठी वर्षभर गाजर आणि पालक खाणाऱ्या मुलाने तेच डोळे काच वर करून रस्त्यावर पणाला लावावेत, हे मला कळत नाही.

युरोपात चालणाऱ्या नियमात, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या २२ क्रमांकाच्या नियमावलीत, याचा विचार जुना आहे. तिच्या ०५ क्रमांकाच्या सुधारित आवृत्तीनुसार बाहेरच्या काचेने ८० टक्क्यांहून जास्त उजेड आत सोडणे आवश्यक होते. ५० ते ८० टक्के सोडणारी काच चालत असे, पण तिच्यावर 'फक्त दिवसा वापरण्यासाठी' असा शिक्का लागे. त्यानंतरच्या ०६ क्रमांकाच्या आवृत्तीत आतल्या सन व्हायझरचाही चाचणीत विचार झाला आहे. आपल्याकडे १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्का नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवणे आणि विकणे बेकायदा आहे. हेल्मेटचा शिक्का सगळे तपासतात. नंतर बदललेली काच कोणी तपासत नाही.

थोडे मागे जाऊन एक गोष्ट सांगतो, कारण ती सैनिकी शाळेच्या मासिकात असायला हवी. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ साली मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे युद्धात निरोप पोहोचवणारे मोटारसायकलस्वार, ज्यांना आपल्याकडे अजून डीआर म्हणतात, ते काळोख्या रस्त्यांवर मोठ्या संख्येने मरू लागले. केर्न्स यांनी त्यांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, १९४१ साली तो प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. म्हणजे रस्त्यावर दुचाकीच्या हेल्मेटची सक्ती आधी सैन्यात आली. ती डोके वाचवण्यासाठी आली. काच नंतरची. हा क्रम मनात ठेवला की पुढचा मुद्दा पटायला सोपा जातो.

आतल्या काळ्या काचेला जागा लागते, आणि ती जागा हेल्मेटच्या कपाळातून काढावी लागते. कपाळाजवळ आहे थर्माकोल. बाहेरचे कवच टणक असते म्हणून ते डोके वाचवते असे बहुतेकांना वाटते; प्रत्यक्षात धक्का खातो तो आतला थर्माकोल, स्वतः चेपून. पुन्हा वही घ्या. युरोपीय चाचणीत डोक्याचा साचा हेल्मेटसकट सेकंदाला साडेसात मीटर वेगाने ऐरणीवर आदळवतात. साधारण २.८७ मीटर उंचीवरून पडल्यावर येणारा हा वेग. साचा थांबायला थर्माकोलने ३० मिलिमीटर चेपून घेतले, तर सरासरी मंदन गुरुत्वाच्या ९६ पट येते. चेपायला २० मिलिमीटरच मिळाले तर १४३ पट. दहा मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या जाडीइतका फरक, आणि मेंदूला बसणारा झटका दीडपट.

म्हणून काळ्या काचेचे हेल्मेट दोन प्रकारांनी बनते. प्रामाणिक कारखानदार कवचच कपाळाकडे जरा फुगवतो आणि थर्माकोलची जाडी राखतो. असे हेल्मेट बाहेरून मोठे, काहीसे भोपळ्यासारखे दिसते. दुसरा कारखानदार कवच जुनेच ठेवतो आणि थर्माकोल तासून कप्पा करतो. ते हेल्मेट सडपातळ दिसते, आणि दुकानात मुले नेमके तेच उचलतात! ओळखायचे कसे? आतले कापडी अस्तर बहुतेक हेल्मेटांत निघते. दुकानदाराला विचारून कपाळाकडचे अस्तर मोकळे करावे, काळी काच खाली ओढावी आणि कप्प्याच्या तोंडाशी थर्माकोल किती जाड राहिला आहे ते बोटाने पाहावे. मग कानाच्या वरची जाडी पाहावी. फरक फार वाटला तर ते हेल्मेट परत ठेवावे. दुकानदाराच्या चेहऱ्याकडे बघू नये.

बजेट कमी असेल तर पालकांनी काळ्या काचेचा आग्रह सोडावा. कमी पैशांत यंत्रणा आणि चांगला थर्माकोल दोन्ही मिळणे अवघड आहे, आणि दोन्हीपैकी एकच घ्यायचे तर थर्माकोल घ्यावा. स्वच्छ काच, घट्ट बसणारे माप, नीट लागणारे बक्कल. ऊन सोसता येते.

पण परवडत असेल तर जरूर घ्यावे, आणि घेताना खटक्याची परीक्षा करावी. यात दोन जाती आहेत. एका जातीत खटका सरकवत नेला की काच तेवढीच सरकते आणि जिथे थांबवाल तिथे राहते. खटक्यापासून कानशिलाजवळच्या खिळीपर्यंत वाट वाकडी असल्यामुळे सरळ दांडा चालत नाही. म्हणून सायकलच्या ब्रेकला असते तशी नळीतली बारीक पोलादी वायर बसवतात. सायकलची वायर फक्त ओढते. इथे तिला ढकलावेही लागते, म्हणून ती जरा ताठ असते. दुसऱ्या जातीत स्प्रिंग असते. काच खाली ओढली की स्प्रिंग ताणली जाते आणि काच अडकते. बटण दाबले की टपकन वर उडून जाते.

दुकानात स्प्रिंगची जात जास्त छाप पाडते. आवाजही झकास येतो. बोगद्याच्या तोंडाशी तिचा उपयोग आहे, हे मान्य. माझे मत तरीही पहिल्या जातीच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण सहसा कोणी सांगत नाही.

सूर्य अगदी समोर, क्षितिजाच्या थोडा वर असला की पुढचा ट्रक दिसेनासा होतो. का? सूर्याचा उजेड काचेवरच्या ओरखड्यांत, धुळीत आणि खुद्द डोळ्याच्या भिंगात विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर पांढरा पडदा पसरतो. आता काळी काच पूर्ण खाली घेतली, तर सूर्याचा उजेड पाचपट कमी होतो. पण ट्रकचाही पाचपटच कमी होतो. दोघांचे गुणोत्तर बदलत नाही. डोळ्यांना बरे वाटते, पाणी यायचे थांबते, भुवया सैल होतात. ट्रक मात्र पूर्वीइतकाच अवघड दिसतो. बरे वाटणे आणि नीट दिसणे यांतला हा फरक समजला नाही, तर काळी काच माणसाला फसवते. बरे वाटले म्हणून तो वेग वाढवतो.

काच अर्धीच उतरवली तर हे बदलते. तिची खालची कड अशी आणायची की सूर्य गडद भागामागे जाईल आणि रस्ता कडेखालून स्वच्छ काचेतून दिसत राहील. आता सूर्य पाचपट कमी, ट्रक पूर्ण उजेडात. गुणोत्तर खरोखर सुधारले. मोटारीच्या पुढच्या काचेवर वरच्या बाजूला गडद पट्टा असतो, त्याचे काम हेच. सूर्य फारच खाली, रस्त्याच्या रेषेवर आला की ही युक्तीही संपते. तेव्हा वेग कमी करणे किंवा दहा मिनिटे चहा घेणे एवढेच उरते. पण त्याआधीचा अर्धा तास तिने सुरक्षित जातो. हे फक्त त्या खटक्याने जमते जो अर्ध्यावर थांबतो आणि खड्ड्यात गाडी आदळली तरी जागचा हलत नाही. म्हणून दुकानात काच अर्धी उतरवावी आणि हेल्मेट हातात धरून जोराने हलवावे. काच घसरली तर ती यंत्रणा कामाची नाही.

आणखी एक परीक्षा. खटका एकाच बाजूला आहे, पण काच दोन्ही कानशिलांवर फिरते. म्हणजे रुंद ड्रॉवर एका कोपऱ्याला धरून ओढण्यासारखा हा प्रकार आहे. ड्रॉवर तिरका होतो आणि अडकतो. स्वस्त हेल्मेटात डावी बाजू आधी उतरते आणि उजवी रेंगाळते. दुकानात आरशासमोर उभे राहून काच सावकाश उतरवा आणि कड आडवी राहते का बघा. दहा वेळा करा. खटका वरच्या मध्यावर असलेल्या हेल्मेटात हा दोष कमी, पण तिथे हात डोक्यावर न्यावा लागतो आणि चालत्या गाडीवर ते मला आवडत नाही.

खटका डावीकडे का, असे एका आठवीच्या कॅडेटने विचारले होते. उजव्या हातात ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक असतो, तो सोडता येत नाही. डाव्या हातात क्लच. तोही सोडायचा नसतो, पण सरळ रस्त्यावर क्षणभर सोडता येतो. त्यामुळे बोगद्याच्या तोंडाशी खटका शोधत बसायचे नाही. बोगदा लांबून दिसला की काच वर करून हात परत हँडलवर आणायचा. हिवाळ्यात जाड हातमोज्यातून खटका हाताला लागतो का, हेही घेण्याआधी पाहावे. बरोबर हातमोजे घेऊन जावे. दुकानदार हसेल.

चष्मा लावणाऱ्या मुलांनी आपला चष्मा घालूनच काच उतरवून पाहावी. काही हेल्मेटांत कड चष्म्याच्या चौकटीवर टेकते. रंग राखाडी घ्यावा, निळा किंवा पिवळा नको, म्हणजे सिग्नलचा लाल-हिरवा आहे तसा दिसतो. पोलराइज्ड चष्मा या काचेच्या आत लावू नये. पॉलिकार्बोनेटमधला ताण त्यातून इंद्रधनुषी पट्ट्यांच्या रूपात दिसतो, जे वर्कशॉपमध्ये पाहायला सुंदर आणि रस्त्यावर त्रासदायक असते.

राजस्थानच्या या धुळीत ही यंत्रणा लवकर खराब होते. कप्प्यात बारीक वाळू जाते आणि काच वरखाली होताना दर वेळी तिच्यावर रेघ उठते. रेघा उठलेली काच सूर्य आणखी पसरवते. दोन आठवड्यांतून एकदा काच काढून कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवावी, मऊ सुती कापडाने टिपावी. आपल्यापैकी काहींना प्रत्येक गोष्ट पेट्रोल लावलेल्या चिंधीने पुसायची सवय आहे. बंदुकीच्या दिवसांपासूनची ती सवय इथे चालणार नाही. पेट्रोल आणि थिनर लागले की पॉलिकार्बोनेटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. खिळीला तेल-ग्रीसही घालू नये. धूळ त्यात चिकटून कानस तयार होते.

आता शाळेबद्दल. कॅडेटांना इथे गाडी नाही, ती असूही नये. पण शिक्षक, मेसचे कर्मचारी, भेटीला येणारे माजी विद्यार्थी आणि पालक मिळून रोज कितीतरी दुचाकी गेटमधून ये-जा करतात. गेटवर हेल्मेट आहे का ते पाहिले जाते आणि ते चोखपणे पाहिले जाते. माझी सूचना एवढीच आहे की सूर्यास्तानंतर बाहेर पडणाऱ्या गाडीस्वाराची काचही पाहावी. बाहेरची काच काळी असेल तर त्याला थांबवावे, मग तो मुख्याध्यापकांचा पाहुणा असो किंवा माझा सहकारी. आतली काळी काच असेल तर ती वर घ्यायला सांगून जाऊ द्यावे. गेटच्या खोलीत दोन-तीन मापांच्या स्वच्छ काचा ठेवण्याचे काही जण सुचवतील. ते जमणार नाही, प्रत्येक हेल्मेटची काच वेगळी बसते. गाडी आत ठेवून रिक्षाने जावे.

स्टाफरूममध्ये यावर वाद झाला आहे. एक सहकारी म्हणाले, मोठ्या माणसांना काचेवरून अडवणे बरे दिसत नाही. टर्नआउटमध्ये एक बटण उघडे असले की त्याच मोठ्या माणसांसमोर आपण मुलांना रांगेबाहेर काढतो. बटणाने कोणी मरत नाही. दुसऱ्यांचे म्हणणे अधिक वजनाचे होते: गेटवरचा शिपाई काचेतून किती उजेड जातो हे कसे ठरवणार? त्याला ठरवायला लागूच नये. काच खाली असताना समोर उभ्या माणसाचे डोळे गेटच्या दिव्यात दिसत नसतील, तर ती काच काळी. एवढी साधी कसोटी पुरेशी आहे.

वर्कशॉपमध्ये मुदत संपलेले एक सन व्हायझरवाले हेल्मेट मी करवतीने मधोमध कापून ठेवले आहे. कपाळाचा कप्पा, वायर, खिळी आणि थर्माकोलची जाडी, सगळे उघडे दिसते. नववीपासून पुढच्या कॅडेटांनी शनिवारी हॉबीच्या तासाला यावे. दुसरे एक अखंड हेल्मेट खोलून पुन्हा जोडायला देईन. स्क्रू फार बारीक आहेत आणि मागच्या वेळी दोन हरवले, तेव्हा येताना प्रत्येकाने एक पांढरा रुमाल आणावा, म्हणजे सुटे भाग त्यावर मांडता येतील.